खरं म्हणजे १, खोटं म्हणजे ०?

संगणकाला ‘खरं’ आणि ‘खोटं’ कसं कळतं? आज या दोन शब्दांचा इतिहास पाहू.

१८४७ साली इंग्लंडमधल्या लिंकन गावी शाळा चालवणाऱ्या जॉर्ज बूल यांनी तर्कशास्त्र बीजगणिताच्या भाषेत मांडलं. त्यांच्या मांडणीत १ म्हणजे सर्व काही आणि ० म्हणजे काहीच नाही. पुढे १९३७ मध्ये अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी दाखवलं, की विजेच्या स्विचांची जोडणीही याच बीजगणितानं चालते. खरं-खोटं असं यंत्रात उतरलं.

१९६० च्या अल्गोल भाषेत खऱ्या-खोट्यासाठी वेगळा प्रकार होता. १९७० च्या दशकातल्या सी भाषेनं मात्र तो ठेवला नाही. शून्य म्हणजे खोटं, बाकी कोणताही आकडा खरा! १९९१ मध्ये आलेली पायथन भाषाही सुरुवातीला याच वाटेनं गेली. पण त्यात एक अडचण होती. एखाद्या फंक्शननं १ हे उत्तर दिलं, तर त्याचा अर्थ ‘एक वस्तू सापडली’ की ‘हो, सापडलं’? कोड वाचणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता.

म्हणून २००२ मध्ये पायथनच्या २.२.१ आवृत्तीत ट्रू आणि फॉल्स ही नावं आली आणि २००३ च्या २.३ आवृत्तीत त्यांचा ‘बूल’ हा स्वतंत्र प्रकार आला. पण आधी लिहिलेले प्रोग्राम मोडू नयेत, म्हणून तो पूर्णांकांचाच उपप्रकार ठेवला. त्यामुळे आजही पायथनमध्ये ट्रू अधिक ट्रू बरोबर २! त्याहून गंमत म्हणजे, पायथन २ मध्ये ‘ट्रू’ला ० ही किंमत देता येत असे. म्हणजे खऱ्यालाच खोटं ठरवायची मुभा! २००८ च्या पायथन ३ नं हे दोन्ही शब्द राखीव केले आणि ती वाट बंद झाली.

एक सापळा मात्र अजून आहे. पायथनच्या लेखी रिकामा मजकूर खोटा आणि भरलेला मजकूर खरा. त्यामुळे अर्जातून किंवा फाइलमधून अक्षरांच्या रूपात आलेला ‘फॉल्स’ हा शब्दसुद्धा खराच ठरतो! कुणी ‘नाही’ म्हटलेलं असतं आणि प्रोग्राम ते ‘हो’ धरून पुढे जातो. खऱ्या-खोट्याला स्वतंत्र नाव मिळालं, पण समोर आलेली गोष्ट किंमत आहे की नुसती अक्षरं, हे तपासायचं काम अजूनही आपल्यालाच करावं लागतं.