सरकारी वकील नेमका कोणाचा?

आजचा विषय आहे जिल्ह्याचा सरकारी वकील. न्यायाधीश आणि पोलीस यांच्यावर आपण भरपूर बोलतो. त्या दोघांच्या मधे वर्षानुवर्षे उभा राहणारा हा माणूस मात्र निकालाच्या बातमीत एका ओळीत उरकला जातो.

मी राहतो त्या मोहालीत, पंजाबमध्ये, या पदाला ‘डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी’ म्हणतात. नाव अमेरिकेतलं वाटतं, पण साम्य नावापुरतंच. अमेरिकेत बहुतेक राज्यांत काउंटीचा सरकारी वकील लोकांच्या मतांवर निवडून येतो. आपल्याकडे त्याला सरकार नेमतं. महाराष्ट्रात त्याला जिल्हा सरकारी वकील म्हणतात.

पूर्वी खालच्या कोर्टात खटले चालवायचे ते पोलीस प्रॉसिक्युटर, म्हणजे पोलीस खात्याचीच माणसं. तपासही खात्याचा आणि कोर्टातली बाजूही खात्याचीच. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने १९५८ मध्येच या दोन गोष्टी वेगळ्या करा असं सांगितलं होतं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तशी तरतूद केली. तरी महाराष्ट्रात सहायक सरकारी वकील पोलीस खात्याच्याच हाताखाली राहिले. अखेर १९९५ मध्ये शहाणे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेगळा अभियोग विभाग करायला सांगितलं. शिफारशीपासून तिथपर्यंत यायला सदतीस वर्षं गेली.

आता या पदावरून पुढे आलेलं, सगळ्यांच्या ओळखीचं नाव घेऊ: उज्ज्वल निकम. जन्म १९५३ चा, जळगावचा. कारकिर्दीची सुरुवातही जळगाव जिल्ह्यातच झाली. जिल्ह्याच्या कोर्टातलं काम कसं असतं? साक्षीदार दिवसाची मजुरी बुडवून एसटीने येतो आणि पुढची तारीख घेऊन परत जातो. आरोपी त्याच्याच गावचा, कधी त्याच्याच भावकीतला. संध्याकाळी गावात परतायचं असतं, म्हणून तो फितूर होतो. अशा माणसाला धीर देणं, पण काय बोलायचं ते न पढवणं, ही सरकारी वकिलाची खरी कसोटी.

पुढे निकम मुंबईत आले. १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा खटला चालला, २००७ मध्ये शिक्षा सुनावल्या गेल्या आणि शंभर आरोपी दोषी ठरले. पण गावाकडचे खटले सुटले नाहीत. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली. मात्र अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा कोर्टाने मान्य केला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. शिक्षा झाली, पण जातीचा प्रश्न निकालात बसला नाही ही खंत अनेकांच्या मनात राहिली. नगर जिल्ह्यातल्या कोपर्डीच्या खटल्यातही निकमच होते. तिथे २०१७ मध्ये तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली.

अशा वेळी गाव, मोर्चे आणि वाहिन्या सगळ्यांच्या नजरा सरकारी वकिलावर लागतात. लोकांना तो आपला माणूस वाटतो. धोकाही इथेच आहे. कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितली, असं निकम यांनी खटल्याच्या काळात सांगितलं होतं. कसाबविषयी भावनिक लाट तयार होत होती, ती मोडायला आपण ते रचलं होतं, असं त्यांनीच २०१५ मध्ये जयपूरला सांगितलं. कसाबविरुद्धचा पुरावा भक्कम होता. सर्वोच्च न्यायालयापर्यंत तो टिकला. त्याला बिर्याणीच्या गोष्टीची गरज नव्हती. निकम यांचं काम मोठं आहे, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली. पण सरकारी वकिलाचा शब्द कोर्टाबाहेरही सरकारचाच शब्द मानला जातो, हे या प्रसंगातून शिकण्यासारखं आहे.

सैन्यात कोर्ट मार्शलमध्येही प्रॉसिक्युटर असतो. १९५४ चे आर्मी रूल्स त्याला बजावतात: निःपक्षपाती राहा, घडलेलं सगळं कोर्टापुढे ठेवा, आरोपीच्या बाजूचा पुरावा दडवू नका. म्हणजे समोरच्याला हरवणं हे त्याचं काम नव्हे, कोर्टाला मदत करणं हे आहे. नागरी कोर्टातल्या सरकारी वकिलाकडूनही न्यायालयं हीच अपेक्षा करतात.

तेव्हा तो पोलिसांचा नाही, मोर्चाचाही नाही. जिल्ह्यातल्या फितूर न झालेल्या साक्षीदाराचा आणि पिंजऱ्यातल्या निर्दोष माणसाचाही त्याच्यावर सारखाच हक्क आहे. तुमच्या जिल्ह्याचा सरकारी वकील कोण आहे, हे एकदा जरूर विचारा.

जय हिंद.