इंदूरची वाढती घरे

इंदूरचा इतिहास सांगताना होळकरांचा राजवाडा व छत्र्या यांची वर्णने पुष्कळ होतात. गोरगरिबांच्या निवाऱ्याचा विचार या नगरीत कसा झाला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. वस्तुतः या बाबतीत येथे असे दोन प्रयोग झाले, की उद्याची शहरे रचू पाहणाऱ्या तरुण वास्तुशिल्पज्ञांनी त्यांपासून अवश्य बोध घ्यावा.

पहिला प्रयोग पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगरशास्त्रज्ञाचा. महाराज तुकोजीराव तिसरे यांच्या कारकीर्दीत ते इंदुरास आले, तेव्हा शहर प्लेगने गांजले होते. 1917 च्या दिवाळीत त्यांनी एक अपूर्व मिरवणूक काढविली. ज्या आळ्या सर्वांत स्वच्छ होतील, त्यांतूनच ती जाईल, असे आधी जाहीर झाले. घाणीचा राक्षस व प्लेगचा उंदीर यांचे अखेरीस दहन झाले आणि तुळशीची रोपे वाटण्यात आली. 1918 च्या अहवालात गेडिस यांनी सरसकट पाडापाडीस विरोध केला. मोजकी घरे काढून हवा-उजेडास वाट करावी व बाकीची वस्ती जपावी, हा त्यांचा आग्रह होता.

दुसरा प्रयोग 1983 मध्ये सुरू झाला. इंदूर विकास प्राधिकरणाने ‘अरण्य’ वसाहतीची आखणी पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशी यांच्याकडे सोपविली. सुमारे 85 हेक्टर जागा व साडेसहा हजार भूखंड, असा तिचा व्याप होता. त्याच सुमारास दोशींच्या वास्तुशिल्प प्रतिष्ठानातील व कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातील अभ्यासकांनी इंदूरच्या झोपडवस्त्यांची मापे घेतली. दारापुढचा ओटा, झाडाची सावली, धंद्याची चिमूटभर जागा ही सारी घराचीच अंगे आहेत, असे त्यांस दिसून आले.

म्हणून ‘अरण्या’त गरिबास संपूर्ण घर न देता घराचा आरंभ दिला गेला. सर्वांत लहान भूखंड सुमारे 35 चौरस मीटरचा. त्यावर जोते, संडास-मोरी व फार तर एक खोली. पुढचे बांधकाम ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे करावे. दहा घरांचा एक गट, मागे अंगण, वीस घरांस मिळून एक मैलाटाकी. भिंतीस भिंत लागल्याने उन्हाचा तापही कमी. निरनिराळ्या मिळकतीची कुटुंबे एकाच विभागात राहावीत, अशी ही योजना होती. 1995 मध्ये तिला आगाखान पुरस्कार मिळाला. 2018 मध्ये दोशी हे प्रित्झकर पारितोषिक मिळविणारे पहिले भारतीय ठरले. 2023 मध्ये ते निवर्तले.

नमुन्यादाखल बांधलेल्या 80 घरांपैकी अनेकांचे रूप रहिवाशांनी पुढे पार पालटून टाकले. यास कोणी अपयश म्हणतील. आम्ही म्हणणार नाही. आपल्या देवालयांत गाभारा राखून पिढ्यान्‌पिढ्या सभामंडप, दीपमाळ, अग्रशाळा वाढत गेल्या. त्या वाढीस आपण विटंबना म्हणत नाही. भीती निराळीच आहे. जमिनीचे भाव चढले की ज्याच्यासाठी जोते घातले, त्यासच ते विकून जावे लागते. तेव्हा घर टिकेल किती, या प्रश्नाबरोबरच त्यात मूळचा धनी टिकेल का, हा प्रश्नही नव्या वास्तुशिल्पज्ञांनी व नगरपालिकांनी आरंभीच विचारला पाहिजे, असे आम्हांस वाटते.