शैलजा जैन, इराणच्या मुली आणि आपले सर



स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा पहिल्यांदा शाळेचं मैदानच डोळ्यांपुढे आलं. आपल्यापैकी निम्म्यांना तरी आठवत असेल, मी मुलींच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळायचे. गेली वीस-बावीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, मैदानाशी संबंध टीव्हीपुरताच उरला. तरी लिहिणार आहे कबड्डीवरच. गोष्ट नाशिकच्या एका बाईंची आहे, पण शेवटी ती आपल्या सरांपाशी येते. तेवढं वाचा.

तारीख होती २४ ऑगस्ट २०१८, शुक्रवार. राखीपौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. जकार्तात आशियाई क्रीडा स्पर्धा चालू होत्या आणि महिला कबड्डीचा अंतिम सामना होता, भारत विरुद्ध इराण. आदल्याच दिवशी इराणने आपल्या पुरुष संघाला उपांत्य फेरीत २७-१८ असं हरवलं होतं. १९९० साली बीजिंगला कबड्डी आशियाई स्पर्धांत आली, तेव्हापासून २०१४ पर्यंतची सातही सुवर्णपदकं आपल्या पुरुषांनी घेतलेली. त्यामुळे त्या दिवशी सगळ्यांचे डोळे मुलींकडे लागले होते. मुलींनी २०१० ला ग्वांगझूला आणि २०१४ ला इंचॉनला सुवर्ण मिळवलं होतं. इंचॉनच्या अंतिम सामन्यात तर याच इराणला ३१-२१ ने हरवलं होतं.

मध्यंतराला आपण पुढे होतो. नंतर मात्र इराणच्या पकडी बसू लागल्या आणि सामना २७-२४ असा गेला. डोक्याला घट्ट हिजाब, अंगभर कपडे अशा वेशात त्या मुली मॅटवर लोळून रडत होत्या. त्यांच्या मार्गदर्शक होत्या नाशिकच्या शैलजा जैन.

ऑफिसात आम्ही पाच-सहा जण मोबाइलवर सामना पाहत होतो. बाईंचं नाव कळलं तसा एकजण म्हणाला, "म्हणजे आपल्याच माणसाने आपल्याला हरवलं. घरभेदी!" सगळे हसले. मला हसू आलं नाही. हा शब्द मी स्वतः एकदा वापरला होता, उस्मानाबादच्या आपल्या मैदानावर. त्याकडे येतेच. आधी शैलजाताईंचं सांगते.

शैलजा जैन यांनी बरीच वर्षं नाशिकमध्ये मुलींना कबड्डी शिकवली. त्यांच्या हाताखालून राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडू तयार झाल्या. भारतीय संघाचं प्रशिक्षकपद मात्र त्यांच्याकडे आलं नाही. साठीच्या आसपास, जेव्हा बाकीचे लोक पेन्शनचे कागद जमवत असतात, तेव्हा त्यांनी इराणचं बोलावणं स्वीकारलं. आपण उत्तम प्रशिक्षक आहोत हे सिद्ध करायचं या एकाच जिद्दीने गेलो, असं त्यांनी नंतर वृत्तपत्रांना सांगितलं. तिथे त्या फारसी शिकल्या. मुलींच्या रोजच्या सरावात योगासनं आणि प्राणायाम आणला.

प्राणायामाचं वाचलं तेव्हा मला मोठी मौज वाटली, कारण कबड्डीच्या मुळाशी दमच आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळी खेळाचं नाव हुतूतू होतं. एका दमात 'हुतूतूतू' म्हणत पलीकडे जायचं, शिवायचं आणि दम तुटायच्या आत मध्यरेषा गाठायची. इराणमध्येही असाच एक जुना खेळ आहे, त्याला 'झू' म्हणतात. तिथला गडी 'झूऽऽ' करत दम धरतो. म्हणजे शैलजाताई गेल्या तो मुलूख दमाला अनोळखी नव्हता. त्यांनी नेलं ते दम कसा राखायचा याचं शिक्षण, आणि चढाई करणारी आत आल्यावर सात जणींनी एका साखळीसारखं कसं हलायचं याची शिस्त.

आता थोडा मागचा इतिहास. हा खेळ जगाला शिकवण्याचं काम आपल्या लोकांनी फार आधीपासून केलं आहे. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक जर्मनीला गेलं आणि तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यात कबड्डी होती. १९५० साली अखिल भारतीय महासंघ झाला. वेगवेगळ्या प्रांतांतले वेगवेगळे नियम एका सूत्रात आणण्यासाठी बुवा साळवींसारख्यांनी आयुष्य वेचलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९७९ साली सुंदर राम नावाचे भारतीय प्रशिक्षक दोन महिने जपानभर फिरून कबड्डी शिकवत होते. १९८२ ला दिल्लीच्या आशियाई स्पर्धांत प्रात्यक्षिक झालं आणि १९९० ला खेळाला पदक मिळू लागलं.

यातलं एकही पाऊल दुसऱ्यांना शिकवल्याशिवाय पडलं नसतं. ज्या खेळात समोर संघच नाहीत, त्याला पदक कोण देणार? आपण मैदानावर 'लोण चढला' म्हणून ओरडायचो, तो शब्द आज आंतरराष्ट्रीय नियमांत 'लोना' म्हणून आहे. जपानी, कोरियन, इराणी मुली तो वापरतात. कुणीतरी तिथे जाऊन शिकवला, म्हणूनच तो गेला. आणि मन लावून शिकवलं तर एक दिवस शिकणारा शिकवणाऱ्याला हरवणार, हेही त्यातच आलं.

आता आपल्या सरांकडे येते. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आपण आठवीत होतो. त्याच्या पुढच्या वर्षीची, म्हणजे नववीतली गोष्ट. आपला मुलींचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचला आणि तुळजापूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या मुलींकडून पाच गुणांनी हरला. त्यांच्या उजव्या कोपऱ्याने आमच्या चढाईपटूचा घोटा जसा धरला, तशी पकड फक्त सर शिकवत. चौकशी केली तेव्हा कळलं, सर दर रविवारी एसटीने त्या गावी जात होते. त्या शाळेला क्रीडाशिक्षक नव्हता. पैसे घेत नव्हते, दुपारची भाकरी तेवढी तिथे खायचे.

आम्ही सातजणी त्यांच्याशी महिनाभर बोललो नाही. पाच सप्टेंबरला सगळा वर्ग त्यांच्या पाया पडला, मी बाकावरच बसून राहिले. मधल्या सुट्टीत मी मोठ्याने 'घरभेदी' म्हटलं, आणि ते त्यांच्या कानावर पडलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी शिट्टी वाजवली आणि मला म्हणाले, "डावा पाय मागं राहतोय तुझा. त्या पोरीचा राहत न्हाई." मी तेव्हा रागाने फणफणले होते. दहावीचं वर्ष आलं, घरच्यांनी खेळ बंद केला आणि तो विषय तिथेच राहिला.

आमच्या धंद्यात शिकवून मोकळं होण्याला नॉलेज ट्रान्सफर म्हणतात. २०१२ साली मी चौदा महिने जर्मनीत होते. आम्ही लिहिलेली प्रणाली तिथल्या लोकांच्या हाती सोपवायची होती. सगळं समजावून सांगितलं, पण खरं सांगते, दोन-तीन खुब्या मी मुद्दाम मागे ठेवल्या. आपली गरज लागावी, फोन यावा म्हणून. फोन आलेही. त्याचा तेव्हा अभिमान वाटला होता. जकार्ताचा सामना पाहिला त्या रात्री झोप लागली नाही, ती भारत हरला म्हणून नाही. शैलजाताईंनी काही मागे ठेवलं असतं तर सुवर्ण आपलंच राहिलं असतं, आणि कुणाला कळलंही नसतं. सरांनी एक पकड मागे ठेवली असती तर ढाल आपल्या शाळेत असती. दोघांनीही ठेवली नाही.

भारताने त्यानंतर काय केलं, हेही सांगायला हवं. २०२३ मध्ये हांगझोऊला आपल्या मुलींनी सुवर्ण परत मिळवलं, पण अंतिम सामन्यात चायनीज तैपेईला अवघ्या एका गुणाने, २६-२५ असं हरवून. म्हणजे आता आणखी एक संघ आपल्या बरोबरीला आला आहे. मला यात वाईट काही दिसत नाही.

आपला जिल्हा कबड्डीपेक्षा खो-खोसाठी ओळखला जातो. आपल्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली २०१६ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्ण मिळवलं आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात भारताच्या मुलींनी इराणला १००-१६ ने हरवलं. आकडा वाचून आपल्या ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडले, मीही टाकले. पण शंभराला सोळा हा सामना नव्हे. तिथे कुणीतरी जाऊन शिकवायला हवं. उद्या धाराशिवची एखादी मुलगी तेहरानला खो-खो शिकवायला निघाली आणि दहा वर्षांनी तिच्या मुलींनी आपल्याला हरवलं, तर आपण तिला काय म्हणणार आहोत?

सर मेळाव्याला येणार आहेत, असं संयोजकांनी कळवलं आहे. वय झालं आहे, गुडघे दुखतात, पण मैदानावर खुर्ची टाका म्हणाले. एकतीस वर्षांपूर्वी मी बाकावर बसून राहिले होते, तो नमस्कार अजून बाकी आहे. त्या संघातल्या बाकी सहाजणींना विनंती, गाडी लवकर काढा. जेवणाआधी सरांकडे सगळ्यांनी मिळून जाऊ. शब्द माझा होता, बोलेन मीच. तुम्ही फक्त सोबत उभ्या राहा.