काढून टाकणे म्हणजे नेमकं काय करणे?

फळा पुसला की त्यावरचं सगळं जातं. जनरल रजिस्टरचं तसं नसतं. मुलाचं नाव पटावरून कमी झालं, दाखलाही दिला, तरी रजिस्टरातली त्याची ओळ जागेवरच राहते. ‘काढून टाकणे’ या एकाच शब्दात आपण या दोन अगदी निराळ्या क्रिया बसवतो. संगणकाच्या जगात या दोन अर्थांचा घोळ पन्नासहून अधिक वर्षं चालत आला आहे.

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या ‘युनिक्स’ प्रणालीची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची. तिच्यात फाईल काढून टाकायची ‘आरएम’ ही आज्ञा आहे. आतून तिचं काम करणाऱ्या क्रियेचं नाव मात्र ‘अनलिंक’, म्हणजे दुवा तोडणे. हे नाव आम्हांला फार प्रामाणिक वाटतं. कारण युनिक्समध्ये एका मजकुराला अनेक नावं असू शकतात. आज्ञा त्यांपैकी एक नाव तोडते. शेवटचं नाव तुटलं की मगच मजकुराची जागा मोकळी होते. आणखी एक गोष्ट म्हणजे, या पुस्तिकेत आज्ञांमधले दोष सांगण्यासाठी वेगळा मथळाच होता. आपल्याच वस्तूच्या उणिवा करणाऱ्यानेच लिहून ठेवायच्या!

डॉस प्रणालीत तर गंमतच होती. फाईल पुसली की यादीतल्या तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी २२९ हा अंक लिहिला जाई आणि तिची जागा ‘रिकामी’ म्हणून नोंदली जाई. मजकूर चकतीवर तसाच! त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो परत मिळण्याची शक्यता असे. पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये हेच साधणारा प्रोग्रॅम विकायला आणला, आणि १९९१ च्या डॉस ५ मध्ये ‘अनडिलीट’ ही आज्ञाच आली. ती वापरणाऱ्याला आधी विचारी: नावाचं पहिलं अक्षर कोणतं? नावातलं तेवढंच खरोखर पुसलं गेलेलं असे.

पुढे पडद्यावर कचऱ्याची टोपली आली. ॲपलच्या ‘लिसा’वर १९८३ मध्ये, विंडोजमध्ये १९९५ साली.

आता कार्यालयांत कामांची वाटणी, मुदती, टिपणं ठेवणारे प्रोग्रॅम आहेत. ‘आसना’च्या पुस्तिकेनुसार काढलेलं काम टोपलीत जातं आणि तीस दिवसांत परत आणता येतं. ‘जिरा’मध्ये उपकामं असलेलं काम तसं काढताच येत नाही, उपकामंही काढायची आहेत, असं आज्ञेतच वेगळं सांगावं लागतं. बटणावरचा शब्द दोन्हीकडे एकच!

माणूस बटण दाबताना निदान थबकतो. पण हल्ली ही बटणं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘एजंट’च्या हाती दिली जातात. एजंटला अवजाराचं नाव, त्याचं वर्णन आणि त्याला कोणती माहिती द्यायची एवढंच दिसतं. अवजार उचलायचं की नाही हे तो मुख्यतः त्यावरूनच ठरवतो. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये अशी अवजारं जोडण्याचे खुले संकेत जाहीर केले. मार्च २०२५ च्या आवृत्तीत ‘हे अवजार विध्वंसक आहे का’ अशी खूण आली. लिहिणाऱ्याने ती भरलीच नाही, तर काही बदल करू शकणारं अवजार विध्वंसकच समजायचं! मात्र परक्याने भरलेल्या खुणेवर विसंबू नका, असंही तिथेच बजावलं आहे.

ते योग्यच. जुलै २०२५ मध्ये जेसन लेमकिन या अमेरिकी उद्योजकाच्या कामात ‘रेप्लिट’च्या एजंटने, काहीही बदलू नकोस असं सांगितलेलं असताना, चालू माहितीसाठा पुसला. वर तो परत आणता येणार नाही असंही सांगितलं. प्रत्यक्षात तो परत आणता आला. म्हणजे मनाई पाळली गेली नाही, आणि परतीची वाट आहे की नाही हेही एजंटला धड सांगता आलं नाही. पहिल्यासाठी परवानगीचं कुलूपच हवं, तिथे लेखन पुरत नाही. दुसऱ्यासाठी मात्र वर्णनात स्पष्ट लिहिता येतं: काय जाईल, त्याबरोबर आणखी काय जाईल, किती दिवसांत परत येईल.

आणि एक बारकावा. जाळं मध्येच तुटलं, उत्तर आलं नाही, की एजंट तीच आज्ञा पुन्हा देतो. वेबच्या १९९७ सालच्या नियमावलीत ‘डिलीट’ ही विनंती कितीदाही केली तरी परिणाम एकदा केल्याइतकाच व्हावा, असं म्हटलं होतं. ‘४१२ क्रमांकाचं काम काढ’ असं दोनदा सांगितलं तर एकच काम जातं. ‘यादीतलं तिसरं काम काढ’ असं दोनदा सांगितलं, तर पहिल्यांदा तिसरं जातं, चौथं वर सरकून तिसरं होतं, आणि दुसऱ्या वेळी तेही जातं.