अंगावर काढलेलं दुखणं

मराठीत ‘दुखणं अंगावर काढणं’ असा एक शब्दप्रयोग आहे. तो बहुतेक वेळा बाईच्याच वाट्याला येतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातली कितीतरी घरं पहाटे डबे भरून लोकल गाठणाऱ्या बायकांवर चालतात. पाळीत आठ-आठ दिवस अंगावरून जातं, जिना चढताना धाप लागते. पण ‘बायकांना हे असायचंच’ असं आईनेच सांगितलेलं असतं. गर्भाशयात गाठी, म्हणजे फायब्रॉइड, असू शकतील हे ध्यानीमनीही नसतं. या गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात. पण रक्त जाऊन जाऊन बाई खचते.

हे मौन मोडण्याचा एक मोठा प्रयत्न शेजारच्याच गावच्या मुलीने केला. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि दहा दिवसांत मूल गेलं. हिंदुस्थानला स्त्री-डॉक्टर हव्यात, हे त्यांनी १८८३ साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत ठामपणे सांगितलं. १८८६ साली त्या फिलाडेल्फियात एम. डी. झाल्या. त्याच वर्षी मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झालं. आनंदीबाई मात्र १८८७ मध्ये, बावीस वर्षंही पुरी होण्याआधी गेल्या.

पुढे शंभर वर्षांनी काय दिसलं? डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, पूर्वी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के.

मौनाचं दुसरं टोक बीडमध्ये दिसलं. २०१९ च्या सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ‘पिशवी’ काढलेली आढळली. पाळी म्हणजे बुडालेला रोज, मग पिशवीच नको, असा हा हिशेब.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना या गाठी लवकर आणि अधिक होतात. नागरी हक्कांसाठी लढलेल्या फॅनी लू हेमर १९६१ साली गाठ काढायला दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी त्यांना न विचारता गर्भाशयच काढलं. अशा अनुभवांनंतर तिथल्या बायकांना डॉक्टरांचा भरवसा वाटला नाही, तर नवल काय?

‘अंगावर काढणं’ आणि ‘पिशवी काढणं’ यांच्या मध्ये बरंच काही आहे: साधी तपासणी, सोनोग्राफी, औषधं, गरज पडल्यास फक्त गाठ काढण्याची शस्त्रक्रिया. पाळी गेल्यावर बऱ्याच गाठी आपोआप आक्रसतात. निर्णय बाईने समजून घ्यायचा आहे. त्यासाठी आधी घरात बोलायला हवं. लेकीला ‘सहन कर’ म्हणण्याऐवजी ‘चल, दाखवून येऊ’ म्हटलं, तरी आनंदीबाईंचं राहिलेलं काम थोडं पुढे जाईल.