पाचशे शिपायांचा पगार

दरोडा पडतो, तपास सुरू होतो आणि माग काढत काढत शेवटी खाकी वर्दीपर्यंत जातो. अशा कथेचे कमी पैशांत काढलेले चित्रपट आजकाल पुष्कळ निघतात, आणि आमच्या वर्गातली मोठी मुलं ते मोबाईलवर आवडीने पाहतात. त्यांचा साचा ठरलेला असतो. ज्या रात्री पहारा असायला हवा होता, नेमका त्याच रात्री तो नसतो, आणि का नव्हता हे ज्याला माहीत असतं तोच पंचनामा लिहीत असतो.

अशीच एक गोष्ट आमच्या मावळात, लोहगडावर येऊन पोहोचते. ती आहे १६६४ च्या जानेवारीतली, सुरतेची. तिला लूट म्हणायचं, स्वारी म्हणायचं की युद्धाचा खर्च वसूल करणं म्हणायचं, यावर २०२४ साली राजकीय सभांतून बरंच भांडण झालं. ते भांडण महाराजांनी काय केलं याबद्दल होतं. सुरतेच्या रक्षणासाठी ज्याला पगार मिळत होता त्याने काय केलं, याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मला या गोष्टीचा तोच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

सुरत तेव्हा हिंदुस्थानातलं सगळ्यात श्रीमंत बंदर होतं. लोकसंख्या सुमारे दोन लाख, आणि बादशहाला नुसत्या जकातीचं उत्पन्न वर्षाला बारा लाख रुपये. हजची जहाजं तिथूनच सुटत, म्हणून आपल्याकडे तिला ‘बाब-उल-मक्का’, मक्केचा दरवाजा, म्हणत. एवढ्या शहराला धड तटबंदी मात्र नव्हती. तापीच्या काठावर एक किल्ला होता, त्याचा किल्लेदार वेगळा. शहराचा कारभार दुसऱ्या अधिकाऱ्याकडे, आणि तो होता इनायत खान. मोगलांनी मुद्दामच अशी वाटणी केली होती, म्हणजे एकाने दगा केला तर दुसरा त्याला आवर घालील. दोघंही एकाच वेळी कामातून गेले तर काय, याचा विचार त्यात नव्हता.

शहराच्या रक्षणासाठी इनायत खानाला सरकारी खजिन्यातून ५०० शिपायांचा पगार मिळत होता. जदुनाथ सरकारांनी हे स्वच्छ लिहून ठेवलं आहे: पैसे तो उचलत होता, फौज मात्र ठेवत नव्हता. शिपाई कागदावर हजर होते आणि त्यांची तनखा खानसाहेबांच्या घरी जात होती.

ही युक्ती तेव्हाही जुनीच होती. अलाउद्दीन खिलजीने घोड्यांवर डाग द्यायची आणि शिपायाचा हुलिया लिहून ठेवायची पद्धत आणली ती याच कारणाने. पाहणीच्या दिवशी सरदार शेजाऱ्याचे घोडे आणि बाजारातली माणसं उभी करायचे आणि दुसऱ्या दिवशी परत पाठवायचे. अकबराने हाच नियम ‘दाग’ आणि ‘चेहरा’ या नावांनी पुन्हा कडक केला. चेहरा म्हणजे शिपायाचं नाव, बापाचं नाव, रंग, उंची, अंगावरच्या खुणा, सगळं नोंदवलेला कागद. आजच्या बायोमेट्रिक हजेरीचा आजोबाच म्हणा. पण ज्याने चेहरे तपासायचे त्याचंच पोट त्या कागदांवर भरत असेल, तर शाई कितीही चांगली वापरा.

महाराजांच्या बाजूने पाहायचं तर १६६० पासून तीन वर्षं शाइस्ताखान पुण्यात ठाण मांडून होता. मुलूख उजाड झाला होता. १६६३ च्या एप्रिलमध्ये लाल महालावरच्या छाप्यात खानाची बोटं गेली, पण रिकामा झालेला खजिना काही भरला नाही. पैसा हवा होता, आणि तो मोगलांच्याच पेठेतून आणायचा असं ठरलं.

तारखा इंग्रजांच्या तेव्हाच्या कालगणनेप्रमाणे देतो, कारण तिथला दिवसवार हिशेब त्यांच्याच कागदांत आहे. मंगळवारी, ५ जानेवारीला सकाळी बातमी आली की शिवाजी महाराज गणदेवीपर्यंत, म्हणजे सुमारे ४५ किलोमीटरवर, आले आहेत. शहरात पळापळ सुरू झाली. बायकामुलं घेऊन लोक नदीपार जाऊ लागले. त्या रात्री महाराजांचं पत्र आलं: सुभेदाराने आणि हाजी सय्यद बेग, हाजी कासिम व बहरजी बोहरा या तीन सावकारांनी स्वतः येऊन खंडणीचं बोलावं, नाहीतर शहर जाळून लुटलं जाईल. उत्तर गेलं नाही.

यातल्या तिसऱ्या नावाबद्दल थोडं थांबतो. ‘बोहरा’ वाचून आपल्यापैकी बरेच जण त्याला दाऊदी बोहरा समजतात. तो वीरजी व्होरा, गुजरातचा जैन सावकार. त्या काळात जगातल्या सर्वांत श्रीमंत व्यापाऱ्यांत त्याची गणना होई आणि मालमत्ता ८० लाखांची सांगत. म्हणजे पत्रातल्या तीन नावांत दोन हाजी आणि एक जैन. नावं धर्म बघून निवडलेली नव्हती, तिजोरी बघून निवडलेली होती.

पत्र मिळाल्यावर इनायत खान किल्ल्यात पळाला. शहराचा रखवालदार शहर सोडून गेला. पुढचा भाग चित्रपटात दाखवला तर लोक अतिशयोक्ती म्हणतील. श्रीमंत व्यापाऱ्यांनाही किल्ल्यात आसरा हवा होता, आणि तो किल्लेदाराला लाच देऊन विकत घ्यावा लागला. सरकारी तट, सरकारी तोफा, सरकारी पगार, आणि दरवाजात उभं राहून दर माणशी वसुली. ज्याच्याकडे द्यायला काही नव्हतं तो बाहेर राहिला. पाचशे माणसांचा पगार एकाने खाल्ला, आणि ती माणसं नसल्यामुळे जी भीती पसरली तिच्यावर दुसऱ्याने कमाई केली.

बुधवारी ६ तारखेला दुपारच्या आत महाराज बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या एका बागेत उतरले आणि स्वार शहरात शिरले. रविवारी १० तारखेला सकाळी ते निघाले. मधले चार दिवस लूट आणि जाळपोळ चालली होती. व्होराचं घर खणून काढलं गेलं. एकट्या त्याच्याकडून २८ शेर टपोरे मोती गेल्याचं त्या वेळच्या वृत्तांतात आहे. हाजी सय्यद बेग किल्ल्यात जाऊन बसले होते, त्यांच्या वाड्यातल्या पेट्या फोडल्या गेल्या. त्यांचा वाडा इंग्रजांच्या वखारीला लागून होता, आणि वखारीतल्या लोकांनी बाहेर पडून लुटणाऱ्यांना तिथून हटवलं. वखारीत सुमारे १५० इंग्रज आणि ६० शिपाई होते. सुभेदाराला पगार मिळत होता त्याच्या निम्म्याहूनही कमी माणसं. ती खरी होती, एवढाच फरक, आणि वखार वाचली. इंग्रजांनी याची फुशारकी पुढे पुष्कळ मारली, तेव्हा त्यांचं लिखाण थोडं चाळणीतून गाळूनच घ्यावं. पण आकडा त्यांच्या बाजूनेच बोलतो.

किल्ल्यातून तोफा चालू होत्या. त्यांनी मराठ्यांचं नुकसान कमी आणि शहरातल्या घरांचं जास्त केलं.

गुरुवारी इनायत खानाने एक तरुण वकील तहाच्या बोलण्यासाठी म्हणून पाठवला. बोलता बोलता त्याने खंजीर काढून महाराजांवर झेप घेतली. पहारेकऱ्याने त्याचा हात तोडला, पण तो तसाच अंगावर आदळला आणि छावणीत महाराज मारले गेल्याची ओरड झाली. कैद्यांची सरसकट कत्तल होणार होती, ती महाराजांनी उठून थांबवली. तरी चौघांची मुंडकी आणि चोवीस जणांचे हात गेले, असं सरकार लिहितात. ज्यांचे हात गेले त्यांचा त्या खंजिराशी काही संबंध नव्हता. हा भाग आपल्याकडे कोणी गाळतं, तर कोणी फक्त एवढाच सांगतं. मला दोन्ही पटत नाही. ॲम्ब्रोज नावाच्या कॅपुचिन पाद्रीचा मठ आणि डच वखारीच्या मयत दलालाचं घर, तो दानशूर होता म्हणून, सोडलं गेलं, हेही त्याच चार दिवसांतलं आहे.

लूट किती? जदुनाथ सरकारांचा अंदाज एक कोटीच्या वर जातो. जड माल, कापड, भांडी मागे राहिली. सोनं, चांदी, मोती, जवाहीर तेवढं निघालं. किल्ल्यांवरच्या मराठी पुस्तकांत सांगतात की नेताजी पालकरांनी ही दौलत लोहगडावर आणून ठेवली. लोहगडवाडीतून वर चढलं की गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे लागतात. वर कातळात खोदलेली लक्ष्मीकोठी आहे, खजिना तिथे होता असं इथली माणसं दाखवतात. पुढे नाना फडणवीसांनीही आपला पैसा याच गडावर ठेवला. घाटाच्या तोंडाशी, पवनेच्या खोऱ्यावर नजर ठेवून असलेला हा गड. २०२५ च्या जुलैमध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तोही आहे.

माझा मुद्दा त्या कोठीच्या किल्लीचा आहे. मराठ्यांच्या गडावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे अधिकारी असत. किल्ल्या हवालदाराकडे, हिशेब सबनिसाकडे, शिबंदी सरनौबताकडे. एकट्याला काही करता येऊ नये अशी रचना. उर्दू शिकवणारा म्हणून मला यातला ‘हवालदार’ हा शब्द फार बोलका वाटतो. हवाला म्हणजे सोपवलेली गोष्ट. ज्याच्या हवाली केलं तो हवालदार, म्हणजे मुळात अमानत सांभाळणारा. आज चौकीत ज्याला आपण ही हाक मारतो त्याच्या नावातच त्याची जबाबदारी लिहिलेली आहे. आणि अमानतीत खयानत म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको.

सभासदाच्या बखरीत मोहिमेचा नियमही दिला आहे. स्वारीला निघताना प्रत्येकाजवळ काय आहे याची यादी व्हायची, परत आल्यावर झडती घेऊन ती यादी ताडून पाहायची, आणि जास्त निघेल ते सरकारजमा. बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली, धन्याच्या घराण्यासाठी लिहिली गेली, तेव्हा नियम आणि अंमल यांत थोडं अंतर धरायला हरकत नाही. तरी दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहा. परमुलखात जाऊन लूट आणणाऱ्याची घरी झडती होत होती. शहर राखणाऱ्याची वर्षानुवर्षं झाली नव्हती.

१७ तारखेला मोगल फौज सुरतेला पोहोचली. तेव्हा कुठे इनायत खान किल्ल्याबाहेर पडला. लोकांनी त्याची हुर्यो उडवली आणि अंगावर चिखल फेकला. याचा खानाच्या मुलाला एवढा राग आला की त्याने एका गरीब हिंदू दुकानदाराला जागच्या जागी ठार केलं. चार दिवस किल्ल्यात बसून शत्रूचं काही करता आलं नाही त्या घराने शेवटी मारलं ते आपल्याच रयतेतल्या एका निरपराध माणसाला.

अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत कोतवालाच्या कामांची यादी आहे. चोर आणि चोरीचा माल कोतवालाने हुडकून काढायचा, नाहीतर नुकसान त्याने भरून द्यायचं, असं त्यात म्हटलं आहे. याच न्यायाने चाललं असतं तर भरपाईचा हिशेब सुरतेच्या अधिकाऱ्यांच्या दारात गेला असता. औरंगजेबाने इनायत खानाला हटवलं, व्यापाऱ्यांना वर्षभर जकात माफ केली, आणि इंग्रज व डच यांना त्यांच्या मर्दुमकीबद्दल जकातीत कायमची सवलत दिली. म्हणजे पाचशे शिपायांच्या खाल्लेल्या पगाराची किंमत बादशाही खजिन्याने मोजली, आणि परदेशी कंपन्यांचा त्यात फायदा झाला. किल्ल्यात बसू न शकलेल्या, घर जळालेल्या विणकराला किंवा हमालाला जकातमाफीचा काय उपयोग? तो जकात भरतच नव्हता.

नंतर शहराभोवती तट बांधायचा हुकूम निघाला. ३ ऑक्टोबर १६७० ला महाराज पुन्हा सुरतेवर आले तेव्हा तो तट उभा होता. थोडा वेळ प्रतिकार झाला, मग तटावरची माणसं पळून पुन्हा त्याच किल्ल्यात गेली. तीन दिवसांनी मराठी फौज निघाली, आणि मागे अधिकाऱ्यांच्या व व्यापाऱ्यांच्या नावाने एक पत्र ठेवून गेली: दरवर्षी बारा लाख रुपये द्यावेत, म्हणजे परत यावं लागणार नाही.