कोप्पीकर रोडचे जनरेटर आणि इंजिनाचा कान

कोप्पीकर रोडचा इतिहास लिहिताना आपण दुकानांच्या जुन्या पाट्या, पेढ्या, कापडबाजार यांच्या नोंदी करतो. लाईट गेल्यावर हाच बाजार चालू ठेवणाऱ्या डिझेल जनरेटरची नोंद मात्र सहसा कुणी करत नाही. या यंत्राचा आमच्या मुलखाशी संबंध तसा जवळचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. पुढे १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात खडकीला उभी राहिली, आणि शेतातल्या पंपापासून दुकानामागच्या जनरेटरपर्यंत 'किर्लोस्कर' हे इंजिनाचंच दुसरं नाव होऊन बसलं.

जुनं इंजिन हँडल मारून सुरू करायचे. डीकॉम्प्रेशन लिव्हर उचलायची, फ्लायव्हीलला वेग द्यायचा, लिव्हर सोडायची. इंजिन पेटलं की ते हँडलच्या पुढे पळतं. म्हणून हँडलची खाच तिरपी कापलेली असे, म्हणजे इंजिनच हँडलला बाहेर ढकलून देई. पुढचं काम चालवणाऱ्याच्या कानाचं. आवाज जड झाला, टकटक आली, किंवा इंजिन 'पळायला' लागलं, की हात डिझेल बंद करायला जाई. वेग सांभाळायला गव्हर्नर होताच; जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनाला तो १७८८ साली बसवला होता. पण गव्हर्नर वेग राखतो. तोच बिघडला तर काय, याचं उत्तर त्याच्याकडे नाही.

सेल्फ स्टार्टर आला, पुढे लाईट गेल्यावर आपोआप सुरू होणारे सेट आले, आणि जवळ माणूस असेलच याची खात्री राहिली नाही. तिथे स्पीड स्विच कामाला आला. फ्लायव्हीलवरच्या दातेरी रिंगसमोर एक चुंबकी पिकअप बसवतात. प्रत्येक दात समोरून गेला की एक विजेचा ठोका. रिंगला ११८ दात असतील तर मिनिटाला १५०० फेऱ्यांवर सेकंदाला २९५० ठोके पडतात. स्विच हे ठोके मोजतो आणि त्यावरून तीन निर्णय घेतो.

पहिला, स्टार्टर कधी सोडायचा. साधारण नेहमीच्या वेगाच्या तिसऱ्या हिश्श्याला इंजिन स्वतःच्या जोरावर चालू लागलं असं धरून स्टार्टरची वीज तोडतात. नाही तोडली तर? पिनियनला १० दात धरले तर १५०० फेऱ्यांचं इंजिन त्याला १७,७०० फेऱ्यांनी फिरवू पाहील. स्टार्टरमध्ये फ्रीव्हील असतो, पण तोही फार वेळ तग धरत नाही. तिरप्या खाचेचं काम आता विजेने होतं, एवढंच. ठरलेल्या सेकंदांत वेग आलाच नाही तर स्टार्टर थांबतो, थोडी विश्रांती घेऊन पुन्हा प्रयत्न करतो. बहुधा तीनदा, मग अलार्म.

दुसरा निर्णय, पहारा कधी सुरू करायचा. उभ्या इंजिनात ऑइल प्रेशर शून्यच असतं. प्रेशर कमी म्हणून इंजिन बंद करणारा स्विच पहिल्यापासून जागा ठेवला, तर इंजिन कधी सुरूच होणार नाही. म्हणून इंजिन वेगात आल्यावर काही सेकंदांनी तो जागा करतात.

तिसरा, धोक्याचा वेग. चार पोलच्या अल्टरनेटरला ५० हर्ट्झसाठी १५०० फेऱ्या लागतात. साधारण १५ टक्के वर, म्हणजे १७२५ला, डिझेल तोडतात. पंधरा टक्के थोडे वाटतात. पण फिरत्या भागांवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो ३२ टक्क्यांनी चढलेला असतो. वेग दुप्पट झाला तर ताण चौपट. असं बंद पडलेलं इंजिन आपोआप पुन्हा सुरू होत नाही. कुणीतरी येऊन, बघून, रिसेट दाबावा लागतो. त्या एका बटणात माणसाची जागा राखून ठेवली आहे.

मग २००२ साली केंद्र सरकारचा आवाजाचा नियम आला: १००० केव्हीएपर्यंतच्या नव्या डिझेल सेटचा आवाज एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत हवा. सेट कॅनॉपीत बंद झाले. रस्त्याला थोडी शांतता मिळाली, ते चांगलंच झालं. पण बाहेर उभ्या माणसाच्या कानाला इंजिनाचं दुखणं कळेनासं झालं. तोवर सोयीचा असलेला स्विच आता सेटचा एकमेव कान झाला.

म्हणून मंडळी, एक विनंती. जुने सेट भंगारात जाताना कंट्रोल पॅनल, वायरिंगचे नकाशे आणि लॉगबुकं त्यांच्याबरोबरच जातात. शक्य तिथे त्यांचे फोटो काढून ठेवा. त्याहून निकडीचं म्हणजे, नुसत्या आवाजावरून इंजिन ओळखणारे ऑपरेटर आता म्हातारे झालेत. त्यांना गाठा, कोणता आवाज आला की ते काय करत, हे रेकॉर्ड करा. स्विचचे आकडे मॅन्युअलमध्ये मिळतील. या माणसांना जे ऐकू येत होतं, ते कुठेही छापलेलं नाही.